घरगुती ब्लोअर : पाने उडतात, धूळ कोठे जाते?

फाल्गुन सरत आला की जयपूर शहरात दोन कामे एकाच वेळी निघतात. कडुनिंब व पिंपळाची पानगळ सुरू होऊन अंगण, पोर्च आणि गच्ची वाळलेल्या पानांनी भरून जातात. आणि त्याच सुमारास हिवाळाभर कोपऱ्यात झाकून ठेवलेला कूलर स्वच्छ करून खिडकीला लावण्याची वेळ येते. या दोन्ही कामांसाठी अलीकडे अनेक घरांत एक नवे साधन आले आहे. वेगवान हवेच्या झोताने पाने आणि धूळ उडवून लावणारे हे यंत्र बाजारात ‘ब्लोअर’ या नावाने मिळते. विजेवर चालणारा लहान हातब्लोअर हजार-दीड हजार रुपयांत मिळू शकतो, चालविण्यास सोपा असतो आणि अर्ध्या तासाचे झाडण्याचे काम पाच मिनिटांत उरकतो. तो घ्यावा की घेऊ नये, आणि घेतल्यास कोठे चालवावा व कोठे मुळीच चालवू नये, याविषयी आरोग्याच्या दृष्टीने माहिती देण्यासाठी हे पत्रक आहे. उदाहरण जयपूरचे असले तरी कोरडी हवा, कूलर आणि कबुतरे ज्या ज्या शहरांत आहेत, त्या नागपूर-अकोल्यापासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतच्या वाचकांनाही ते लागू आहे.

यंत्राचे खरे लाभ

ब्लोअर हे केवळ चैनीचे साधन आहे, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. गुडघेदुखी, कंबरदुखी किंवा मणक्याचा विकार असलेल्या व्यक्तीस वाकून खराटा मारणे कठीण जाते. तिला उभ्याने काम करता येते. खडी पसरलेल्या वाटेवरील, कुंड्यांच्या मधील, जाळीत अडकलेली पाने खराट्याने निघत नाहीत, ती झोताने सहज निघतात. पावसाळ्यापूर्वी गच्चीवरील पाण्याच्या निचऱ्याची तोंडे मोकळी करण्यासही याचा उपयोग होतो. तेथे पाने कुजून पाणी तुंबले, तर डासांची उत्पत्ती ठरलेलीच.

आणखी एक लाभ जयपूरकरांना विशेष पटेल. शहरास पिण्याचे पाणी मुख्यत्वे टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून येते. असे असताना पोर्च आणि अंगण दररोज नळी लावून धुणारी घरे आजही कमी नाहीत. पाने हलविण्यासाठी पाण्याऐवजी हवा वापरली गेली, तर तेवढे पिण्याचे पाणी वाचते.

झोत धूळ नाहीशी करत नाही

या यंत्राची मर्यादा त्याच्या कार्यपद्धतीतच आहे. ब्लोअर कचरा गोळा करत नाही, तो केवळ त्याची जागा बदलतो. पान मोठे व जड असल्याने चार-पाच हात अंतरावर जाऊन पडते. पानाखालची धूळ मात्र तशी पडत नाही. लहान हातब्लोअरच्या तोंडाशीदेखील हवेचा वेग साधारणतः ताशी दीडशे ते दोनशे किलोमीटर असू शकतो. फरशीच्या भेगांत आणि मातीच्या वरच्या थरात महिनोन् महिने स्थिर बसलेले सूक्ष्म कण अशा झोताने एका क्षणात माणसाच्या नाका-तोंडाच्या उंचीवर येतात.

हे कण किती काळ हवेत राहतात, हे त्यांच्या आकारावर अवलंबून असते. मानवी केसाची जाडी साधारणतः 50 ते 70 मायक्रॉन असते. 10 मायक्रॉनचा धूलिकण वारा नसताना माणसाच्या उंचीवरून जमिनीवर बसण्यास काही मिनिटे घेतो. 1 मायक्रॉनच्या कणास मात्र कित्येक तास लागतात. म्हणजे सकाळी आठ वाजता अंगणात उडविलेल्या धुळीचा सर्वांत बारीक भाग दुपारीही हवेत तरंगत असू शकतो. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, शिंक किंवा कफावाटे बाहेर पडतात. बारीक कण फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथून त्यांना बाहेर काढण्याची शरीराची क्षमता फार मर्यादित आहे.

भारतातील हवेच्या गुणवत्तेच्या 2009 च्या मानकांनुसार 10 मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण प्रति घनमीटर 100 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हीच मर्यादा 45 इतकी सुचविली आहे. जयपूर हे 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांपैकी एक आहे, कारण येथील हवा देशाच्या मानकांत बसत नव्हती. रस्त्यांवरची आणि बांधकामांची धूळ, तसेच मे-जूनमधील आंधी यांमुळे येथील हवेत धूलिकण आधीच अधिक असतात. आपल्या अंगणातील ब्लोअरने शहराची सरासरी फारशी बदलणार नाही, हे खरे आहे. परंतु ज्या हवेत आपण त्या क्षणी श्वास घेतो, ती शहराची सरासरी हवा नसते. ती यंत्राच्या तोंडापासून दोन हातांवरची हवा असते.

येथे खराट्याचीही बाजू तपासली पाहिजे. कोरड्या अंगणात जोराने मारलेला खराटाही धूळ उडवितोच. आपल्याकडे अंगण झाडण्यापूर्वी सडा घालण्याची जी रीत होती, तिच्यामागे पावित्र्याची भावना असेल. पण श्वसनसंस्थेच्या दृष्टीनेही ती रीत योग्य होती. हाताने शिंपडलेले तांब्या-दोन तांबे पाणी धूळ जागीच धरून ठेवते. नळी लावून अंगण धुण्याची तुलना त्याच्याशी होऊ शकत नाही. म्हणून खरी निवड ब्लोअर की खराटा अशी नसून कोरडी सफाई की ओलसर सफाई अशी आहे. हिरवळीवर किंवा किंचित ओलसर मातीवर पडलेली पाने ब्लोअरने ढकलण्यास फारशी हरकत नाही. धुळीने माखलेल्या कोरड्या फरशीवर मात्र आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा, पाने दाताळ्याने ओढून घ्यावीत, आणि ब्लोअर वापरायचाच असेल तर तो कमी वेगावर, तोंड जमिनीकडे झुकते ठेवून वापरावा.

कूलर आणि कबुतरांची विष्ठा : येथे झोत नकोच

या पत्रकातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. पानांसाठी घेतलेला ब्लोअर घरात पानांपुरता राहत नाही. एकदा तो हाती आला की पंखे, जाळ्या, माळा, कूलर अशा सर्व ठिकाणी तो फिरू लागतो. त्यांपैकी दोन ठिकाणे खरोखर धोक्याची आहेत.

हिवाळाभर बंद असलेल्या कूलरच्या खसाच्या किंवा लाकडी भुश्याच्या जाळीत बुरशी वाढलेली असते. ती वाळून गेल्याने दिसत नाही, एवढेच. टाकीच्या तळाशी वाळलेला गाळ असतो, त्यातही बुरशी आणि जिवाणूंचे अवशेष असतात. गच्चीवरील कूलरच्या डोक्यावर आणि बाल्कनीच्या कठड्यावर कबुतरांची वाळलेली विष्ठा असते. जयपुरात कबुतरांना दाणे टाकण्याची प्रथा सर्वत्र असल्याने ती काही अपवादाची गोष्ट नव्हे. या वाळलेल्या थरावर ब्लोअरचा झोत मारणे म्हणजे बुरशीचे बीजाणू आणि पक्ष्यांच्या विष्ठेतील व पिसांतील प्रथिने यांची भुकटी करून ती श्वासावाटे आत घेणे होय.

काही व्यक्तींच्या शरीरात अशा कणांविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया निर्माण होऊन फुफ्फुसाच्या ऊतींना सूज येते. या आजारास हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. फुफ्फुसाच्या ऊतींच्या दीर्घकालीन आजारांची देशव्यापी नोंद 2012 ते 2015 या काळात 19 शहरांतील 27 केंद्रांवर करण्यात आली. तिचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या कामात जयपूरच्या छातीरोगतज्ज्ञांचा पुढाकार होता. नोंदलेल्या 1084 रुग्णांपैकी 47.3 टक्के रुग्णांना हाच आजार असल्याचे आढळले, आणि अशा रुग्णांपैकी 48.1 टक्के जणांचा एअर कूलरशी संपर्क होता. संपर्क असणे म्हणजे तेच कारण असणे नव्हे. लाखो घरांत कूलर आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही. तरीही ज्या रोगाने फुफ्फुस कायमचे घट्ट व निकामी होऊ शकते, त्याच्या संदर्भात ही संख्या दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या आजाराचे एक वैशिष्ट्य असे की तो आरंभी फसवितो. धुळीचा संपर्क झाल्यानंतर लगेच काही होत नाही. चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, अंगदुखी आणि धाप अशी लक्षणे दिसतात. सकाळी कूलर झाडला आणि संध्याकाळी ताप आला, तर दोहोंचा संबंध सहसा कोणाच्या मनात येत नाही. ‘ऋतू बदलला, व्हायरल झाले’ असे म्हणून तापाची गोळी घेतली जाते. एक-दोन दिवसांत लक्षणे ओसरतात. पुन्हा संपर्क आला की पुन्हा तोच क्रम. असे वारंवार घडत राहिले, तर काही रुग्णांत फुफ्फुसात व्रण तयार होतात आणि जिना चढताना लागणारी धाप मग औषधानेही पूर्णपणे जात नाही. छातीरोग विभागात काम केलेल्या परिचारिकांना ठाऊक असते की अशा रुग्णास ‘घरात कूलर आहे का, कबुतरे आहेत का’ हे विचारल्याशिवाय त्याचा पूर्वेतिहास पूर्ण होत नाही. ‘तो तुम्ही कसा साफ करता’ हा प्रश्न मात्र अजून क्वचितच विचारला जातो. तो विचारला गेला पाहिजे.

कूलरची सफाई पुढीलप्रमाणे करावी. प्रथम विजेचा प्लग काढावा. जुन्या जाळीवर पाणी मारून ती पूर्ण ओली करावी, ओली असतानाच काढून पिशवीत बांधावी व टाकून द्यावी. जुनी जाळी झटकून पुन्हा लावण्यात जी बचत वाटते, ती महाग पडू शकते. टाकीतील गाळ भिजवून काढावा आणि टाकीच्या आतील भिंती ब्रशने घासाव्यात. घासणे आवश्यक असण्यास आणखी एक कारण आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीस चिकटवून घालतो. ही अंडी पाण्याशिवाय कित्येक महिने जिवंत राहतात आणि टाकी पुन्हा भरली की त्यांतून अळ्या निघतात. झोताने धूळ उडेल, अंडी उडणार नाहीत. कूलर सुरू झाल्यानंतरही आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करणे आवश्यक आहे.

कबुतरांच्या विष्ठेबाबतही तोच नियम. साबणाच्या पाण्याने ती आधी चांगली भिजवावी, मग खरवडून ओल्या कापडाने पुसावी. काम करताना एन-95 मुखपट्टी आणि हातमोजे घालावेत. ओढणी, उपरणे किंवा रुमाल नाकावर बांधल्याने मोठी धूळ अडते. आजार उत्पन्न करणारे बारीक कण त्यातून आत जातात. एन-95 मुखपट्टीही चेहऱ्याला सैल बसत असेल, तर कडेने हवा आत येते आणि तिचा उपयोग कमी होतो.

तिसरे ठिकाण थोडक्यात सांगतो, कारण ते नेहमीचे नाही. घरात फरशी कापण्याचे, दगड घासण्याचे किंवा भिंत फोडण्याचे काम चालू असेल, तर ती धूळ ब्लोअरने बाहेर काढण्याचा मोह टाळावा. वाळूच्या दगडात आणि सिमेंट-काँक्रीटमध्ये स्फटिकी सिलिका असते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार आहे. राजस्थानात दगडखाणी व दगडकाम करणाऱ्या मजुरांत तो इतका मोठा प्रश्न आहे की राज्याने 2019 मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण केले. घरातील दोन दिवसांच्या कामाने सिलिकोसिस होत नाही. पण जो कारागीर दररोज एका घरातून दुसऱ्या घरात हेच काम करतो, त्याच्यासाठी प्रत्येक घरातील झोत हा त्याच ओझ्यात पडणारी भर असतो. कापताना पाणी सोडावे आणि धूळ ओल्या कापडाने पुसून घ्यावी.

आवाज आणि पेट्रोल

यंत्र चालविणाऱ्याच्या कानाशी लहान विद्युत ब्लोअरचा आवाजही 85 डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असू शकतो; पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या यंत्राचा 100 डेसिबलपर्यंत जातो. 85 डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तासांपर्यंत कानास सहन होतो असे मानले जाते. त्यापुढे दर 3 डेसिबलला हा काळ निम्मा होतो : 94 डेसिबलला एक तास, 100 डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. आवाजाने गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही, आणि ती दुखत नसल्यामुळे जात असताना कळतही नाही. दहा मिनिटांहून अधिक काम असेल, तर कानात प्लग घालावेत. डोळ्यांसाठी बाजूंनी बंद असलेला चष्मा घालावा, कारण उडालेला बारीक खडा पानापेक्षा फार वेगाने येतो. शेजाऱ्यांचाही विचार व्हावा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा आहे.

पेट्रोलचा ब्लोअर घरासाठी घेऊ नये, असे स्पष्टपणे सांगता येते. त्यातील दोन-फेरी इंजिनात इंधनाचा बराच भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या हवा मंडळाच्या हिशेबानुसार असे यंत्र एक तास चालविल्यास धुरके निर्माण करणारी जितकी प्रदूषके बाहेर पडतात, तितकी एक नवी मोटार सुमारे 1770 किलोमीटर चालविल्यावर पडतात. हे अंतर जयपूर ते पुणे या प्रवासाच्या जवळजवळ दीडपट भरते. त्या राज्याने 2021 मध्ये कायदा करून 2024 पासून अशा नव्या लहान इंजिनांची विक्री बंद करण्याचे ठरविले; वॉशिंग्टन शहरात पेट्रोल ब्लोअरवर 1 जानेवारी 2022 पासून बंदी आहे. आपल्याकडे ही यंत्रे मुख्यतः हॉटेले, मोठ्या संस्था व सोसायट्यांच्या बागांत दिसतात. सोसायटीच्या सभेत बागेच्या खर्चाचा विषय निघेल, तेव्हा हाही मुद्दा मांडावा.

विद्युत यंत्रास धूर नाही, पण ओल्या अंगणात वायर ओढत नेणे हा वेगळा धोका आहे. जोडलेल्या वायरचा सांधा जमिनीवर पडू देऊ नये, आणि घराच्या वीजजोडणीत गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा.

यंत्र कोणाच्या हाती आहे?

ब्लोअर विकत घेणारा आणि तो चालविणारा या पुष्कळदा दोन वेगळ्या व्यक्ती असतात. घरमालक दार लावून आत बसतो. माळी किंवा घरकामास येणाऱ्या ताई धुळीत उभ्या राहतात. आपण आठवड्यातून दहा मिनिटे यंत्र वापरत असू, तर त्याच वसाहतीतील माळी सकाळभर पाच-सहा घरांत ते वापरतो. डेसिबल आणि मिनिटांचा वर दिलेला हिशेब त्याच्या बाबतीत फार लवकर पूर्ण होतो. ज्या घराने यंत्र आणले, त्या घरानेच एन-95 मुखपट्ट्या, चष्मा आणि कानातील प्लग आणून द्यावेत. ‘त्यांना सवय असते’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे. फुफ्फुसांना धुळीची सवय होत नाही.

दमा असलेले मूल, गर्भवती स्त्री, वृद्ध व्यक्ती किंवा हृदयविकाराचा रुग्ण घरात असल्यास ब्लोअर चालू असताना आणि त्यानंतर किमान अर्धा-पाऊण तास त्यांना आत ठेवावे, त्या बाजूच्या खिडक्या बंद असाव्यात. मार्च महिन्यात ही काळजी अधिक घ्यावी, कारण त्या सुमारास जयपुरात वावळ वृक्षाचे परागकण मोठ्या प्रमाणात असतात आणि गळालेल्या पानांबरोबर तेही पुन्हा हवेत येतात. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत दबून राहते व धूळ वर जात नाही. त्या दिवसांत हे काम ऊन चढल्यानंतर करणे श्रेयस्कर.

गोळा केलेल्या पानांचे काय करावे?

पानांचा ढीग करून त्याला काडी लावणे ही आपल्या शहरांतील जुनी सवय आहे. ब्लोअरमुळे ढीग लवकर होतो, म्हणून ती सवय वाढण्याची भीती आहे. ओलसर पाने जळताना ज्वाला कमी आणि धूर फार होतो. त्यात अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. ज्याने धुळीपासून बचावासाठी मुखपट्टी लावली, त्यानेच संध्याकाळी हा धूर शेजारच्या खिडकीत सोडावा, हे विसंगत आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि बागेतील कचरा आपल्या आवारात वेगळा ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या आवारात तो निर्माण होतो त्याच्यावर टाकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5000 रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाईचा आदेश देशभरासाठी दिला.

पाने झाडांच्या बुंध्याशी पसरून ठेवली, तर उन्हाळ्यात मातीतील ओल टिकते व झाडांना पाणी कमी लागते. कडुनिंबाची पाने कोपऱ्यातील खड्ड्यात थोडी माती व पाणी घालून ठेवल्यास काही महिन्यांत खत होते. ढीग रस्त्यावर किंवा शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ढकलून देऊ नये. वारा आला की तीच पाने आणि तीच धूळ परत आपल्या दारी येते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सफाईनंतर काही तासांनी ताप व कोरडा खोकला येणे आणि असे दुसऱ्यांदा घडणे. तीन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहणे. पूर्वी सहज चढत असलेला जिना चढताना धाप लागणे. रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येणे, यांपैकी काही आढळल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा छातीरोगतज्ज्ञांकडे जावे. यंत्र वापरल्यानंतर कानात गुणगुण राहणे किंवा बोलणे अस्पष्ट ऐकू येणे हेही तपासून घ्यावे. श्वास घेताना बोलणे अशक्य होत असल्यास किंवा ओठ निळसर दिसत असल्यास वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना आजाराची माहिती देताना घरात कूलर किंवा कबुतरे आहेत का, शेवटची सफाई कधी, कशाने आणि कोणी केली, हे न विचारताही सांगावे.